फिरते एजंट हरले खरे, पण हरले कुठे?

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा निम्मी पटली. म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

इतरांसाठी तुमचा मुद्दा थोडक्यात सांगतो. मोबाइल नेटवर्कमधल्या सॉफ्टवेअर एजंटांवरचा, म्हणजे मालकाच्या वतीने स्वतः निर्णय घेणाऱ्या प्रोग्रॅमांवरचा, माझा लेख म्हणजे फसलेल्या संशोधनाला नातवंडांच्या नावावर पेन्शन मिळवून देण्याचा खटाटोप आहे, असे तुम्ही म्हणता. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाणाऱ्या एजंटांवर ढीगभर शोधनिबंध निघाले, वापरले कुणीच नाहीत. आणि ते जे करत होते ते साध्या क्लायंट-सर्व्हरनेही, म्हणजे एका यंत्राने मागायचे आणि दुसऱ्याने द्यायचे या पद्धतीनेही, होत होते.

शेवटच्या आरोपापासूनच सुरुवात करतो, कारण तिथे माझी बाजू सर्वांत लंगडी आहे. माझ्या प्रबंधात एक आलेख होता. उपकरणांची माहिती गोळा करायला एजंट पाठवला तर नेटवर्कवरची रहदारी किती वाचते, ते दाखवणारा. वाचत होती पुष्कळ. पण तुलना कशाशी केली होती? नेटवर्कवरच्या उपकरणांची माहिती मागवण्याच्या एसएनएमपी या प्रोटोकॉलच्या पहिल्या आवृत्तीशी, जी तक्त्यातल्या नोंदी एकेक करून मागत बसते. १९९३ मध्ये दुसरी आवृत्ती आली तिच्यात एका विनंतीत नोंदींचा गठ्ठा आणणारे 'गेटबल्क' होते. ते घेतले असते तर माझ्या आलेखातली दरी बरीच बुजली असती. शिवाय एजंटचा स्वतःचा बोजा मी एकदाच धरला होता. प्रत्यक्षात तो प्रत्येक उडीला वाहावा लागतो, आणि गोळा केलेली माहिती पोटात घेऊन एजंट दर मुक्कामाला फुगत जातो. परीक्षकांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही.

तुमचा आक्षेप नवा नाही, हेही मान्य. फिरत्या एजंटचा प्रत्येक सुटा फायदा दुसऱ्या कुठल्यातरी मार्गाने मिळतो, असे आयबीएमच्या संशोधकांनी १९९५ मध्येच लिहून ठेवले होते. (त्यानंतर आयबीएमच्याच टोकियोतल्या प्रयोगशाळेने 'अॅग्लेट्स' नावाची फिरत्या एजंटांची प्रणाली काढली, ती गंमत वेगळी.) पण त्याच संशोधकांनी असेही म्हटले होते की हे सगळे फायदे एकत्र देणारी दुसरी एक चौकट मात्र दिसत नाही. तुमच्या प्रतिक्रियेत हा भाग गळला आहे.

त्या काळच्या मोबाइलचा हिशेब करून पाहा. जीएसएम या तेव्हाच्या मोबाइल तंत्रावर डेटाचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. २० किलोबाइटचा एजंट वर चढवायला साधारण १७ सेकंद. एकदा चढला की तुम्ही फोन बंद करा, डोंगराआड जा. तो तारांच्या जाळ्यात आपले काम उरकून तुमची वाट पाहत बसेल. तुम्ही म्हणाल, त्यासाठी सर्व्हरवर एक प्रोग्रॅम कायमचा ठेवला की भागले. हो, आणि जगाने तेच केले. जनरल मॅजिक या कंपनीच्या, फिरते एजंट लिहिण्यासाठी केलेल्या 'टेलिस्क्रिप्ट' भाषेवर एटी अँड टीने १९९४ मध्ये 'पर्सनालिंक' सेवा उभी केली, ती १९९६ मध्ये गुंडाळली.

पण एजंट बेअक्कल होता म्हणून तो हरला, हे मला पटत नाही. माझ्या मते तो अडला मालकीच्या कुंपणावर. परक्याचा कोड आपल्या यंत्रावर कोण चालू देईल? यजमानाला पाहुण्यापासून वाचवायचे उपाय निघाले: कोडवर डिजिटल सही, बंदिस्त जागेत चालवणे वगैरे. पाहुण्याला यजमानापासून वाचवणे मात्र जमेना. जे यंत्र तुम्हाला चालवते, त्याच्यापासून तुम्ही काय लपवणार?

जिथे कुंपण नव्हते, म्हणजे सगळी उपकरणे एकाच ऑपरेटरची होती, तिथे ती कल्पना टिकली. फक्त प्रवास सोडून. कोलंबिया विद्यापीठात १९९१ च्या सुमारास 'मॅनेजमेंट बाय डेलिगेशन' मांडले गेले: माहिती मुख्यालयात ओढून आणण्याऐवजी निर्णयाचे काम उपकरणाकडेच सोपवा. मोबाइल नेटवर्कची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या रिलीज ८ मध्ये बेस स्टेशन (मोबाइलचा टॉवर) आपल्या शेजाऱ्यांची यादी आपणच बनवू लागले, ते याच वळणाचे आहे. माझ्या लेखात मात्र मी ओपन रॅनच्या (वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग जोडता येणाऱ्या मोबाइल रेडिओ नेटवर्कच्या) 'एक्सअॅप'ला, म्हणजे तिथल्या नियंत्रकावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, फिरत्या एजंटचा थेट वंशज म्हटले होते. ते चूक होते. एक्सअॅप कुठे फिरत नाही. वाक्य बदलले आहे.

आता तुमच्या ज्या ओळीवरून तुम्ही मला खिजवले, तिच्याकडे येतो. तुम्ही लिहिले आहे, "आमच्या साइटवर ही स्वयंचलित फंक्शन्स आम्ही सरळ बंद करून ठेवत असू." का बंद करावी लागत, याचा मला अंदाज आहे. रिलीज ९ मधली दोन फंक्शन्स घ्या. एक गर्दीचा समतोल राखते: सेल (एका अँटेनाचे क्षेत्र) भरला की हँडओव्हरची, म्हणजे चालू कॉल शेजारच्या सेलकडे सोपवण्याची, सीमा आत ओढून कडेच्या ग्राहकांना शेजारी ढकलते. दुसरे हँडओव्हरची तब्येत सांभाळते. त्याला दिसते की लोक फार लवकर पलीकडे जाताहेत, कॉल तुटताहेत. म्हणून ते तीच सीमा पुन्हा बाहेर सारते. पहिले परत ओढते. दोघेही आपापल्या जागी शहाणे, आणि मधल्या ग्राहकाचा चेंडू झालेला. एकमेकांना न विचारता एकाच खुंटीला हात घालणाऱ्या दोन एजंटांनी करायचे काय, हा प्रश्न एजंटवाल्यांनी फार आधी घेतला होता. तडजोडीचे प्रोटोकॉल, लिलाव, वरचा पंच असे बरेच काही सुचवले होते. ओपन रॅनमध्ये दहा मिलिसेकंद ते एक सेकंद एवढ्या अवधीत निर्णय घेणाऱ्या नियंत्रकात संघर्ष-निवारणाचा वेगळा कप्पा ठेवावा लागला आहे, तो उगाच नाही.

भाषा-मॉडेलवाल्या नव्या एजंटांबद्दलचा तुमचा टोमणा मी झेलतो, कारण एक जुने दुखणे त्यांच्यातही आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या, एजंटांची मानके ठरवणाऱ्या 'फिपा' या संस्थेने एजंटांच्या संदेशांचे अर्थ 'पाठवणाऱ्याचा असा विश्वास आहे' या पायावर रचले, आणि तो विश्वास बाहेरून तपासायची सोय नव्हती. आजही नाही.

त्या दोन फंक्शन्सपैकी तुम्ही आधी कोणते बंद केलेत, ते मात्र लिहाच. गर्दीवाले असेल, असा माझा होरा आहे.