पेल एलचं सोवळं

सांगायला जरा लाज वाटते, पण आयुष्यात घर घेताना जेवढा विचार केला नाही तेवढा मी घरी बियर करायचं किट घेताना केला. घर आम्ही एका शनिवारी बघितलं आणि रविवारी दुपारी जेवताना हो म्हणून टाकलं. किटला पाच आठवडे लागले, एक एक्सेल शीट लागली, तिला अकरा कॉलम होते आणि त्यातला एक कॉलम नुसता "मनाला काय वाटतं" असा होता.

त्याचं असं झालं की आम्ही राहतो इंग्लंडमध्ये, डर्बीला. मी मूळचा सांगलीचा, मग पुणे, मग विमानाच्या इंजिनांच्या मागे मागे इथे. आणि डर्बीपासून ट्रेननं पंधराएक मिनिटांवर बर्टन अपॉन ट्रेंट नावाचं गाव आहे, म्हणजे पेल एलची, फिकट सोनेरी रंगाच्या बियरची, पंढरीच. आमच्या शेजारचे आजोबा तिथल्या एका ब्रूअरीतून रिटायर झालेले. एकदा कुंपणावरून गप्पा मारताना ते म्हणाले, तुझ्या बॉम्बेनं आमच्या गावची बियर लय प्यायलीय. आणि खरंच आहे ते. १८२० च्या दशकात बर्टनवाले हिंदुस्थानात पाठवायला पेल एल करायला लागले, त्याच्या आधी लंडनच्या हॉजसन ब्रूअरीची जायची, पिंपंच्या पिंपं जहाजात, आफ्रिकेला वळसा घालून चार-पाच महिने डुचमळत. मला एकदम भरून आलं. म्हणलं दोनशे वर्षांनी बॉम्बेकडचा एक माणूस इकडे येऊन तीच बियर घरी करतोय, याला म्हणतात काव्यात्मक न्याय. बायको म्हणाली, याला म्हणतात गॅरेज आवरायचा कंटाळा.

इथे घरी बियर करायला कुणाची परवानगी लागत नाही, विकायची नाही एवढंच. पूर्वी लायसन्स होतं, ते १९६३ साली काढून टाकलं. आपल्याकडे १९४९ च्या कायद्याप्रमाणे नुसती प्यायची म्हणलं तरी परमिट लागतं, त्यामुळे आमच्या पिढीला बाटली काळ्या पिशवीतनंच आणायची सवय, आणि इथे माणूस दुकानात जाऊन चाळीसएक बाटल्यांची बियर एका डब्यात घालून, बिल घेऊन, उजळ माथ्यानं बाहेर येतो. पहिल्यांदा मी तो डबा उगाच कोटाखाली धरला होता.

आता किट. वरवर बघितलं तर सगळे सारखेच, डब्यावर बार्लीची लोंबी, हॉप्सचं फूल आणि फेसाळ ग्लास. पण आत तीन जाती आहेत. पहिली एका डब्याची. १.७ किलोच्या आसपास मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, म्हणजे मॉल्टचा अर्क, काकवीसारखा घट्ट काळपट चिकट पाक, त्यात हॉप्सचा कडवटपणा आधीच घातलेला, वर झाकणाखाली यीस्टची पुडी. त्यात तुम्ही एक किलो साखर घालायची, उकळतं पाणी घालायचं, मग गार पाण्यानं २३ लिटर करायचं की झालं. दुसरी दोन डब्यांची, तीन किलो अर्क, साखर अजिबात नाही, म्हणून जरा खानदानी. आणि तिसरी जात म्हणजे ऑल ग्रेन, ज्यात तुम्हाला अर्क बिर्क काही नाही, भरडलेलं बार्लीचं मॉल्टच पिशवीत घालून देतात, बाकी तुमचं तुम्ही बघा. हे म्हणजे इडलीसाठी कुणी तयार पीठ आणतं, कुणी रवा आणतं आणि कुणी रगडा घेऊन बसतं, तसं.

मी काय करावं? शहाण्या माणसानं पहिलं घेतलं असतं. मी तिन्ही घेतली. कारण पाच आठवडे तुलना करून शेवटी मला असं कळलं की तुलना करायची तर एकाच वेळी करायला हवी, कागदावर काय खरं नाही. तीस लिटरच्या दोन बादल्या आणल्या, आणि ऑल ग्रेनचं किट लहानवालं घेतलं, एका गॅलनचं, म्हणजे साडेचार लिटरचं, त्याला काचेचा एक गोल बुधला. प्रत्येकाला वर एअरलॉक. हा शोध ज्यानं लावला त्याला माझा नमस्कार, प्लॅस्टिकची एवढीशी वाकडी नळी, त्यात थोडं पाणी, आतला गॅस बुडुक बुडुक करत बाहेर जातो पण बाहेरची हवा आत येत नाही.

आणि नेमकी दिवाळीला आई आलेली.

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिनं स्वयंपाकघरात दोन बादल्या बघितल्या, एअरलॉक बघितला, वास घेतला आणि म्हणाली, "काय आंबवतोयस?" बास. बियर म्हणजे काय, यीस्ट म्हणजे काय, काही विचारलं नाही. जिनं चाळीस वर्षं दर शनिवारी रात्री इडलीचं पीठ भिजवलं तिला काय सांगणार. सांगलीला मावशीला फोनवर मात्र तिनं "व्हिनेगरसारखं काहीतरी करतोय, इथे सगळे करतात" असं सांगितलं.

खरा ताप असतो तो स्वच्छतेचा. जी वस्तू बियरला लागणार ती सगळी आधी स्टरलाइज करायची, बादली, चमचा, नळी, झाकण, थर्मामीटर, सगळं, आणि एकदा केलं की हात लावायचा नाही, लावला तर परत. मी हे बायकोला तीन वेळा समजावून सांगितलं होतं आणि तरी तिनं स्टरलाइज केलेल्या चमच्यानं चहा ढवळला होता. आईला मी सुरुवात केली तेवढ्यात ती म्हणाली, "सोवळं रे, कळलं मला." आणि तिथून पुढे आमच्या किचनमध्ये पेल एलचं सोवळं सुरू झालं. पोरगा शाळेतून आला की आधी हात धू मग ये, बादलीजवळनं जाऊ नको, शिवलास का, मग आता तो चमचा बाद. मी स्वतः एकदा खोकलो तर मला बाहेर काढलं.

एका डब्याच्या किटात मी घोटाळा केला. डब्यावर लिहिलं होतं की ब्रूइंग शुगर वापरा, नाहीतर स्प्रे मॉल्ट, म्हणजे मॉल्टच्या अर्काची पावडर, वापरा म्हणजे अंगाला भरीव होईल. मी म्हणलं साखर ती साखर, चहाचीच घातली किलोभर. तशी ती आंबते, झकास आंबते, पाच दिवसांत हायड्रोमीटर, म्हणजे पाकाची घनता मोजायची नळी, साखर आंबत जाईल तसा आकडा उतरतो, तो १.०३८ वरून १.००८ वर आला. पण चव घेतली तर पातळ, आणि मागे कुठेतरी सफरचंदाच्या सायडरसारखी झाक. वाईट नव्हती, पण पेल एलची पोज घेतलेला सरबतवाला वाटत होता.

दोन डब्यांचं किट सगळ्यात महाग, त्याच्यावर माझी सगळी भिस्त, आणि तेच रुसलं. १.०४४ वरून खाली यायला लागलं आणि १.०२० ला येऊन बसलं. पुढे हलेना. एअरलॉक गप्प. मी दर दोन तासांनी जाऊन त्या बादलीसमोर उकिडवा बसायचो, आयसीयूबाहेर नातेवाईक बसतात तसा. यीस्टला साधारण १८ ते २१ डिग्री लागतं आणि आमच्या घरात नोव्हेंबरात, हीटिंगचं बिल बघून बघून, १५ असतं. मी हीटिंग बेल्ट मागवायच्या विचारात होतो, त्याचीपण एक तुलना सुरू केली होती, तेवढ्यात आईनं पाहिलं आणि म्हणाली, "थंडीत पीठ कुठे ठेवते मी?" आणि बॅगेतून जी गोधडी माझ्या पोरासाठी आणली होती, जुन्या नऊवारीची, ती काढून बादलीला गुंडाळली, आणि वर गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं ना तिथे सगळं ढकललं. टॉवेल गेले बाहेर. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी प्यायला उठलो तर कपाटातून आवाज. बुडुक. मी बायकोला उठवलं. तिनं काय म्हणलं ते इथे लिहीत नाही. चार दिवसांत १.०१२, म्हणजे ४.२ टक्के अल्कोहोल, म्हणजे पास.

ऑल ग्रेनबद्दल थोडक्यात सांगतो कारण त्या रविवारची आठवण नको वाटते. धान्य ६६ डिग्रीला तासभर भिजत ठेवायचं, ६५ नाही ७० नाही, मग गाळायचं, मग तासभर उकळायचं, मधे मधे हॉप्स टाकायचे, मग झटपट गार करायचं. सकाळी दहाला सुरू केलं ते संध्याकाळी पाचला संपलं, पूर्ण घराला ओल्या गोठ्याचा वास आणि हातात साडेचार लिटर. बर्टनच्या पाण्यात जिप्सम नावाचा क्षार खूप, त्यानं हॉप्सचा कडवटपणा खुलतो, म्हणून जगभरचे लोक आपल्या पाण्यात जिप्सम घालतात, त्याला बर्टनायझेशन असं नाव पण आहे. मी पण पाव चमचा घातला. आईनं पुडी वाचली, पोरानं तिला इंटरनेटवर बघून सांगितलं की आजी, प्लास्टर ऑफ पॅरिस याचंच करतात. "फ्रॅक्चर बसवायचंय का दारू करायचीय?" एवढंच बोलली. आणि उरलेलं धान्य फेकवेना म्हणून तिनं त्याची थालीपीठं लावली. चव बरी होती हो, पण तुसं अशी दातांत बसली की मंगळवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये पण मी जिभेनं एक काढत होतो.

मग आला बाटल्या भरायचा दिवस. माझी सिस्टिम तयार होती. बाटल्या गोळा केलेल्या, सगळ्या तपकिरी कारण उजेड लागला की बियरला घाण वास येतो, पण आकार दहा प्रकारचे. एकूण ८८ भरल्या. लेबलं गळून पडतात म्हणून मी रंगीत झाकणं आणलेली, एका डब्याची सोनेरी, दोन डब्यांची काळी, ऑल ग्रेनची लाल. प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर, म्हणजे आत गॅस धरतो. जमिनीवर पेपर घालून तीन ओळी लावल्या. झाकण दाबायचं मशीन आईला दाखवलं, दोन्ही दांडे खाली दाबायचे की खट. तिला ते फार आवडलं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला.

पाऊण तासानं खाली आलो तर ८८ च्या ८८ बाटल्या बंद, पुसलेल्या, क्रेटमध्ये उंचीप्रमाणे लावलेल्या, उंच मागे बुटक्या पुढे, आणि झाकणं एक सोनेरी एक काळं एक लाल, एक सोनेरी एक काळं एक लाल, रांगोळी काढावी तशी. लाल संपल्यावर नुसतं सोनेरी-काळं.

"छान दिसतंय ना?" आई म्हणाली.

मी हो म्हणालो. काय म्हणणार. अकरा कॉलमची शीट मी त्याच रात्री बंद केली, सेव्ह करायचं का विचारलं, नको म्हणलं.

आई डिसेंबरात गेली. बाटल्या दोन आठवडे घरात, मग महिनाभर शेडमध्ये गारठ्यात. जानेवारीत शेजारच्या आजोबांना बोलावलं. दारात आले की ते नेहमी म्हणतात, "अय अप, मी डक." इकडची बोली आहे, मी म्हणजे माय, आणि प्रेमानं सगळ्यांना डक म्हणतात. आई होती तेव्हा तिनं पहिल्यांदा ऐकून मला हळूच विचारलं होतं की हा माणूस स्वतःला बदक का म्हणतो, मराठीत.

पाच बाटल्या उघडल्या. पहिलीला आजोबा म्हणाले इंटरेस्टिंग. इथे इतकी वर्षं काढल्यावर मला कळतं की इंटरेस्टिंग म्हणजे सिंकमध्ये ओत. दुसरीला नॉट बॅड, हे चांगलं. तिसरीला परत इंटरेस्टिंग. चौथी उंच बाटली होती, सोनेरी झाकण. त्यांनी एक घोट घेतला, काही बोललेच नाहीत, ग्लास उजेडाकडे धरला, परत घोट घेतला आणि ग्लास पुढे केला. तीस वर्षं बर्टनला काढलेला माणूस. मी पण चाखली. खरंच झाली होती हो.

ताबडतोब आईला व्हिडिओ कॉल लावला, सांगलीत रात्रीचे साडेअकरा. आई, ती उंच बाटली, सोनेरी झाकणाची, ती कुठल्या ओळीतली होती, आठव, प्लीज, बादलीतली का बुधल्यातली.

आई झोपेत होती. जरा विचार केला. "जी हाताला आली ती," म्हणाली. आणि मग उशीवरून थोडी उठून, "त्या बदकाला आवडली का पण?"