कुंपण असं घाला की चोरालाही आपलं वाटावं

कारखान्याला किंवा गोदामाला कुंपण घालायचं ठरलं की पहिलं काम एकच. रनिंग मीटरचा दर मागवायचा. आत नेमकं काय आहे, त्यातलं कुणाला काय हवं असेल, तो कोणत्या बाजूने येईल, पायी येईल की ट्रक घेऊन, असले प्रश्न विचारणारा एक जण प्रत्येक बैठकीत असतो. त्याला इतिवृत्त लिहायला बसवा. कारण या प्रश्नांची उत्तरं मिळाली की उगाच गुंता वाढतो. तांब्याच्या केबलच्या रिळांना एक बंदोबस्त लागतो आणि रिकाम्या पार्किंगला दुसरा, हे एकदा उघड झालं की नकाशावर एकच लाल रेघ ओढून चारही बाजूंना तीच जाळी लावण्यातलं सुख संपतं.

या धंद्यातली काही अरसिक मंडळी कुंपणाकडे घड्याळ लावून बघतात, त्यांच्यापासून विशेष जपा. एलपीएस ११७५ नावाचं एक ब्रिटिश मानक आहे. त्यात कुंपणाला एक अक्षर आणि एक आकडा मिळतो. अक्षरावरून कळतं की चोराच्या पिशवीत कोणती हत्यारं धरली आहेत, आणि आकड्यावरून कळतं की त्या हत्यारांपुढे कुंपण किती मिनिटं तग धरतं. बी३ म्हणजे ‘बी’ गटातल्या हत्यारांपुढे ३ मिनिटं. या आकड्यांची शिडी २० वर संपते. म्हणजे कोणतंही कुंपण शेवटी काही मिनिटांचीच गोष्ट आहे, हे या लोकांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे! हे मनावर घेतलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: ती मिनिटं संपायच्या आत तिथे पोहोचणार कोण? मग चौकीपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत रात्री चालत जायला किती वेळ लागतो ते मोजावंसं वाटतं. मोजू नका. एकदा मोजलं की विसरता येत नाही.

आता जाळी. डोळे मिटून चेनलिंक घ्या. ५० मिमीच्या चौकटीत बुटाचं टोक छान बसतं, त्यामुळे चढणाऱ्याची गैरसोय होत नाही. चढायचा कंटाळा असेल तर साधी पक्कड पुरते. ही जाळी मुळात एकमेकींत गुंफलेल्या नागमोडी तारांची असते. त्यातली एकच तार कापून फिरवत बाहेर काढली की वरपासून खालपर्यंत दार उघडतं. सभ्य चोर असेल तर जाताना तीच तार पुन्हा पिळून आत घालतो आणि चोरी कशी झाली यावर तुमच्या बैठका आठवडाभर चालतात.

एखादा हट्टी सल्लागार ‘३५८’ जाळी सुचवेल. ३ इंच बाय अर्धा इंच भोक आणि ८ गेजची तार, यावरून ते नाव पडलं. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर ७६.२ बाय १२.७ आणि तार सुमारे ४ मिमी जाडीची. या भोकात बोट शिरत नाही, बुटाचं टोक टेकत नाही, आणि कटरचा जबडाही नीट आत जात नाही. वर ती आरपार दिसते, त्यामुळे कॅमेऱ्यालाही पलीकडचं दिसतं. इतकी माणूसघाणी जाळी आपल्या दारात नको.

आरपार दिसण्यालाच आक्षेप असेल तर सरळ उंच पत्रा ठोका. आतला माल बाहेरच्यांना दिसणार नाही. आत उतरलेला माणूसही बाहेरच्यांना दिसणार नाही, त्याला निवांतपणे काम करता येईल. पत्र्याचा खर्च झेपत नसेल तर जाळीलाच हिरवं कापड नाहीतर कंपनीचा लांबलचक फलक बांधा. खांब आरपार वारा जाईल या हिशेबाने रोवलेले असतात, हे खरं. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट, हे गणित वादळालाच सोडवू द्या. सकाळी आख्खी बाजू फलकासकट आडवी झालेली दिसेल. फलकाचं तोंड वर असेल तर जाहिरात विमानातूनही वाचता येईल.

वर काटेरी तार हवीच, तिच्याशिवाय कुंपण गंभीर दिसत नाही. जोसेफ ग्लिडन यांनी १८७४ मध्ये अमेरिकेत तिचं जे गाजलेलं पेटंट मिळवलं, त्यामागे गुरं आवरण्याची निकड होती, आणि गुरांच्या बाबतीत ती उत्तम चालते. गुरं सोबत जाडजूड गोधडी घेऊन येत नाहीत.

उताराच्या जमिनीवर जाळी पायऱ्यापायऱ्यांनी उतरवा. वरची रेघ सुरेख दिसते आणि प्रत्येक पायरीखाली एक त्रिकोणी फट मिळते. नाला कुंपणाखालून जात असेल तर त्याला गज लावू नका, पाणी अडेल म्हणा. खड्डे खणण्याआधी जमिनीखालून कोणत्या केबल आणि कोणते पाइप गेलेत ते तपासायची तर मुळीच गरज नाही. ते खणताना कळतंच.

कुंपणाचा उरला खर्च गेटवर वाचवा. बहुतेकांना वाटतं गेट हा कुंपणाचा भाग आहे. नाही. गेट हा कुंपणातला तो तुकडा आहे जो उघडण्यासाठीच बनवलेला असतो, म्हणून सगळा आळस तिथे ओतला तर फळ लवकर मिळतं. दोन्ही बिजागऱ्यांच्या खुंट्या वरच्या दिशेला ठेवा. मग कुलूप कितीही भारी असू दे, खाली जॅक लावून पल्ला अलगद उचलून बाजूला ठेवता येतो. वरची बिजागरी उलटी बसवली की पल्ला उचलता येत नाही, ही युक्ती फुकट असल्यामुळे कोटेशनमध्ये येत नाही आणि म्हणून कुणी करतही नाही. साखळी इतकी सैल ठेवा की दोन पल्ल्यांमधून सडपातळ माणूस आडवा होऊन आत जाईल. गेटखाली वीतभर मोकळी जागा असू द्या, कारण रस्ता पुढेमागे उंच होणार असतो.

गेटकडे येणारा रस्ता लांब आणि सरळसोट ठेवा. वळण घेतलं तर गाड्यांचा वेग मरतो. धडकेची ऊर्जा वेगावर कशी चढते याचं गणितही वर्गाचंच आहे. म्हणूनच वाहन अडवणारे अडथळे तपासताना त्यांवर ठरावीक वजनाची गाडी ठरावीक वेगाने प्रत्यक्ष आदळवतात. जाळीची अशी परीक्षा घेऊ नका. ट्रकच्या बाबतीत जाळी फार तर नंबरप्लेट वाकवते.

(संकटकाळी बाहेर पडायच्या दाराबद्दल मात्र थट्टा जमत नाही. ते आतून, चावीशिवाय, धक्क्यासरशी उघडलंच पाहिजे, आणि अग्निशमनाची गाडी कुठून आत येणार हे आराखड्यातच ठरलं पाहिजे. चोरी परवडते. आता पुन्हा आपल्या विषयाकडे.)

कुंपणाच्या दोन्ही अंगांना मोकळा पट्टा सोडा असं पुस्तकं सांगतात. जागा काय फुकट मिळते? तिथे लाकडी पॅलेट रचा, रिकामे कंटेनर जाळीला खेटून लावा, सावलीसाठी झाडं लावा आणि फांद्या पलीकडे झुकू द्या. ३ मीटरच्या कुंपणाला लागून अडीच मीटरचा कंटेनर उभा असला की कुंपण अर्ध्या मीटरचं उरतं. शिडी आणि ग्राइंडर तर जवळच हवेत. चोराने स्वतःची शिडी आणावी ही अपेक्षाच अमानुष आहे.

यानंतर पैसे उरले असतील तर जाळीवर कंपन ओळखणारे सेन्सर बसवा. जाळी मात्र ताणू नका, सैलच ठेवा, आणि तिच्यावर वेल चढू द्या. म्हणजे झुळूक आली की अलार्म, मांजर गेली की अलार्म, पावसाची सर आली की अलार्म. काही रात्रींनंतर रक्षक संवेदनशीलतेचं बटण तळाला नेऊन ठेवतो. त्याला दोष देणाऱ्याने एक रात्र तिथे बसून बघावं. यंत्रणा चालू असते, हिरवा दिवा लागलेला असतो, अहवालात खोट्या अलार्मचं प्रमाण शून्यावर आलेलं असतं, आणि या कामगिरीबद्दल कुणाला तरी बढतीही मिळते. दिवे लावताना झोत चौकीच्या खिडकीवर येईल असे लावा. रक्षक जागा राहतो आणि त्याला बाहेरचं काही दिसत नाही.

खांब आधी जस्ताच्या कढईत बुडवून आणा आणि मग जागेवर कापून वेल्डिंग करा. जस्त जळतं, गंज नेमका सांध्यातून सुरू होतो, पण चंदेरी रंगाचा एक हात मारला की बिल मंजूर होतं. कोपऱ्याच्या खांबांना तिरपे टेकू देणं टाळा. सगळ्या बाजूचा ताण त्यांच्यावरच येतो, तर त्यांनी जरा सोसावं. वरून उच्च दाबाची वीजवाहिनी जात असेल आणि कुणी लोखंडी कुंपणाच्या अर्थिंगचा विषय काढला, तर त्यालाच कुंपणाला हात लावून उभा राहशील का विचारा. तो नाही म्हणेल आणि अर्थिंग करायला लावेल, म्हणून खरं तर विचारूच नका.

आणि एवढं करून जाळी कुणी कापलीच, तर तिथे नवाकोरा चकचकीत तुकडा लावा आणि पातळ बाइंडिंग वायरने चार ठिकाणी बांधून टाका. कुठून आत यायचं ते पुढच्या खेपेला त्याला अंधारातही शोधावं लागणार नाही.