विश्वकिरणांचा पावसाशी काय संबंध? आहे, आणि तोही थेट!

पावसाने दगा दिला आणि हवामानाचा अंदाज चुकला, की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, पण आशय एकच: "कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये शास्त्रज्ञ कोट्यवधी रुपये खर्चून विश्वकिरण मोजत बसतात. त्यांचा पावसाशी काय संबंध? गणित, भौतिकी, जीवशास्त्र सगळं एकाच छताखाली, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. इतकं करून अंदाज चुकतोच. लागेल ती माहिती परदेशातून घ्या. सामान्य माणसाला यातून काय मिळालं?" (टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था.)

अंदाजाचा मुद्दा आधी उरकतो, कारण तो फार वेळ घेणारा नाही. अंदाज देणं हे भारतीय हवामान विभागाचं काम आहे, 1875 पासून. मॉन्सूनच्या प्रारूपांवरचं (संगणकी मॉडेलांवरचं) संशोधन पुण्याला पाषाणमध्ये आयआयटीएममध्ये, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत होतं. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲपही तिथलंच. टीआयएफआर अंदाज देत नाही, कधी देतही नव्हती. विजेचं बिल जास्त आलं म्हणून महापालिकेच्या पाणीखात्यात जाऊन भांडण्यातला हा प्रकार.

आता "विश्वकिरणांचा पावसाशी काय संबंध" हा प्रश्न. तो टोमणा म्हणून विचारला असला तरी प्रश्न म्हणून उत्तम आहे.

विश्वकिरण म्हणजे अंतराळातून येणारे प्रचंड ऊर्जेचे कण, बहुतांशी प्रोटॉन. ते वरच्या हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांवर आदळतात. त्या टकरीतून नवे कण सुटतात, त्यांच्यातून आणखी, असा सडा खाली पडत येतो. या वर्षावाचं गणित मांडणाऱ्यांत खुद्द होमी भाभा होते. 1937 साली भौतिकशास्त्रज्ञ हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी ते मांडलं. या सड्यातले म्यूऑन नावाचे कण जमिनीपर्यंत पोचतात. वाटेत हवेचा दाब वाढलेला असेल तर ते कमी पोचतात, वरच्या थराचं तापमान बदललं तरी त्यांची संख्या हलते. म्हणजे विश्वकिरण मोजणाऱ्याला वातावरणाचा हिशेब ठेवावाच लागतो, त्याची इच्छा असो वा नसो.

टीआयएफआरची ग्रेप्स-3 ही प्रयोगशाळा उटीला आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 2200 मीटर उंचीवर. तिथली म्यूऑन दुर्बीण 560 चौरस मीटर पसरलेली आहे आणि दिवसाला सुमारे 4 अब्ज म्यूऑन नोंदवते. ती उभारली ती विश्वकिरणांचा उगम आणि सूर्याच्या उलाढाली समजून घ्यायला. पण डोक्यावरून गडगडाटी ढग गेला की आकडा थोडा बदलायचा. याचं कारण ढगातलं विद्युतक्षेत्र. धन आणि ऋण असे दोन्ही प्रकारचे म्यूऑन ढगातून खाली येतात. एकाची ऊर्जा वाढते तेव्हा दुसऱ्याची घटते. दोन्ही सारखे असते तर हिशेब बहुतेक फिटला असता. धन म्यूऑन मुळात जास्त असल्यामुळे तो फिटत नाही, आणि या फरकावरून ढगाच्या माथ्यापासून तळापर्यंत किती व्होल्ट आहेत ते काढता येतं.

1 डिसेंबर 2014 रोजी असाच एक ढग उटीवरून गेला. सुमारे 18 मिनिटं म्यूऑनची संख्या दोनेक टक्क्यांनी घटली. हिशेब केल्यावर आकडा आला 1.3 अब्ज व्होल्ट! 2019 साली तो 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी ढगात फुगे पाठवून मोजलेला सर्वांत मोठा आकडा याच्या दहाव्या हिश्शाएवढा, 0.13 अब्ज होता. फुगा असो वा विमान, त्याला एका वेळी ढगाच्या एकाच ठिकाणचं कळतं, आणि तो दुसरीकडे पोचेपर्यंत ढग बदललेला असतो. म्यूऑन मात्र अख्खा ढग पार करून येतात. गडगडाटी ढगात अब्जाच्या घरातले व्होल्ट असू शकतील, असं भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी 1920च्या दशकातच म्हटलं होतं. शिवाय अशा ढगांतून गॅमा किरणांचे लोट उसळतात हे उपग्रहांना 1990च्या दशकात दिसलं होतं, आणि तेवढी ऊर्जा ढगात येते कुठून हे कोडंच होतं. त्यावर प्रत्यक्ष मोजलेलं उत्तर मिळायला विश्वकिरणांचं यंत्र लागलं.

या मोजमापाने उद्या शेतात वीज पडून कोणी दगावणार नाही, असा दावा मी करणार नाही. तसा दावा करणारा माणूस भेटला तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नका. पण "संबंधच नाही" हे सपशेल चूक.

आणि पाऊस म्हणजे ढग नव्हे, पाणीच, असं कोणी अडून म्हणालं, तर तेही घ्या. विश्वकिरणांच्या टकरींतून हवेत बेरिलियम-7, फॉस्फरस-32 असे किरणोत्सारी अणू तयार होतात आणि पावसाबरोबर खाली येतात. 1950च्या दशकात टीआयएफआरमध्ये देवेंद्र लाल आणि त्यांचे सहकारी पावसाचं पाणी गोळा करून त्यात हे अणू शोधत होते. बेरिलियम-7 सुमारे 53 दिवसांत निम्मं होतं, फॉस्फरस-32 साधारण 14 दिवसांत. दोघांचं प्रमाण ताडून पाहिलं की वरची हवा खाली उतरायला आणि धुऊन निघायला किती काळ लागतो याचा अंदाज बांधता येतो. आता हे भौतिकशास्त्र म्हणायचं, रसायनशास्त्र म्हणायचं की हवामानशास्त्र?

'भाराभर चिंध्या'चं उत्तर इथेच मिळतं. याच विश्वकिरणांमुळे हवेतल्या नायट्रोजनपासून कार्बन-14 बनतो. तो मोजून जुन्या वस्तूंचं वय काढणारी प्रयोगशाळा त्या काळी टीआयएफआरमध्ये होती. नेवासे, चांडोली, इनामगाव इथल्या उत्खननांत सापडलेल्या कोळशाचे नमुने तिथे तपासले गेले, आणि आपल्याकडच्या ताम्रपाषाण युगातल्या जोर्वे संस्कृतीचा काळ ठरवायला त्या तारखांचा आधार मिळाला. एका प्रकारचे कण, आणि त्यातून पावसाचाही अभ्यास, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचाही. वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या खात्यांत हे झालं नसतं असं नाही, पण सोपं नक्कीच गेलं नसतं.

परदेशातून माहिती घ्यायची, तर तिकडच्या आकाशाची मिळेल. दक्षिण भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. इथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेच्या विश्वकिरणांना बाहेरच अडवतं, म्हणून काही मोजमापं इथून जास्त स्वच्छ होतात. हैदराबादला टीआयएफआरचं फुगे सोडण्याचं केंद्र आहे, फुगेही तिथेच बनतात. मॉन्सूनच्या दिवसांत आपल्या डोक्यावर साधारण 13 ते 18 किलोमीटरवर सूक्ष्म कणांचा एक थर जमतो. तो उपग्रहांना दिसला, पण त्यात नेमकं आहे काय हे तपासायला 2014 पासूनच्या मोहिमेत नासाचे शास्त्रज्ञ इस्रोच्या जोडीने हैदराबादेतून फुगे सोडायला आले. विकत घ्यायला निघालेल्यांनी हे लक्षात घ्यावं: विक्रेताच आपल्या दारात आला होता.

राहिला सामान्य माणूस. टीआयएफआरच्या सूक्ष्मलहरींवर (मायक्रोवेव्हवर) काम करणाऱ्या गटातून 1984 साली समीर ही संस्था निघाली. तिरुपतीजवळ गदंकीला वरच्या वातावरणातले वारे मोजणारं मोठं रडार आहे, ते समीरने बांधलं. कर्करोगावरच्या किरणोपचाराची देशी यंत्रंही समीरचीच, आणि त्यातलं एक वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या रुग्णालयात बसवलं गेलं.

खर्चाचा जाब विचारायला माझी ना नाही. टीआयएफआरला पैसा अणुऊर्जा विभागाकडून येतो आणि त्या विभागाच्या मागण्या दरवर्षी संसदेपुढे मांडल्या जातात, कुणालाही वाचता येतात. मजकूर लिहिणाऱ्याने त्या उघडून पाहिल्या असत्या, तर 'कोट्यवधी'च्या जागी एखादा खरा आकडा लिहिता आला असता.