एक वर्षाची मुदत आणि रोजचा केळीभाव: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सीएसएस (पानाची मांडणी ठरवणाऱ्या फायली), जेएस (जावास्क्रिप्ट) आणि चित्रांना ब्राउझरमध्ये एक वर्षाची मुदत द्या, म्हणजे तोवर ब्राउझर आपल्याकडची प्रतच वापरेल, हा माझा सल्ला क्वचित बदलणाऱ्या साइटींपुरता ठीक आहे. तुमची साइट रावेर-यावलच्या शेतकऱ्यांना रोजचा केळीभाव दाखवते. सल्ला पाळला आणि लोकांना जुनाच भाव दिसू लागला. जेएस फायलींना तर नियम लागलाच नाही. शेवटी तुम्ही सरसकट नो-कॅशे (‘वापरण्याआधी सर्व्हरला विचारा’ ही सूचना) लावलं आणि प्रश्न मिटला.

शेतकऱ्याला शिळा भाव दिसणं ही गंभीर गोष्ट आहे. त्याच आकड्यावर तो व्यापाऱ्याशी बोलतो. तरीही एक वर्षाच्या मुदतीचा सल्ला मी मागे घेत नाही. मुदत फाइलीच्या प्रकारावरून ठरवायची नसते, पत्त्यावरून ठरवायची असते. या पत्त्यावरचा मजकूर पुढे कधी बदलणार आहे का? बदलणार नसेल तर कॅशे-कंट्रोल या हेडरमध्ये (हेडर म्हणजे सर्व्हर फाइलीसोबत पाठवतो ती सूचना) मॅक्स-एज ३१५३६०००, म्हणजे सेकंदांत ३६५ दिवस. बदलणार असेल तर एक तासाचीही मुदत नको.

आता तुमचा भावफलक बघा. फाइल ‘भाव.जेपीजी’, रोज सकाळी त्याच नावावर नवीन चित्र चढतं. तुमच्या एचटीअ‍ॅक्सेसमधली (अपाचे या वेब-सर्व्हरची फोल्डरनिहाय सेटिंगची फाइल) एक्स्पायर्सबायटाइपची, म्हणजे फाइलीच्या प्रकारावरून मुदत देणारी ओळ मात्र सगळ्याच जेपीजींना वर्ष देते. लोगोही त्यात आला आणि भावही. ब्राउझरने पहिल्या दिवशी चित्र ठेवून घेतलं, मग मुदत संपेपर्यंत तो सर्व्हरकडे विचारायलाही येत नाही. त्याने तुमचंच ऐकलं.

भावाची चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. त्या फोल्डरच्या स्वतःच्या एचटीअ‍ॅक्सेसमध्ये एक्स्पायर्सअ‍ॅक्टिव्ह ऑफ करा (म्हणजे तिथे मुदत देणं थांबेल) आणि हेडर सेट कॅशे-कंट्रोल नो-कॅशे लिहा. एनजिनएक्स हा दुसरा वेब-सर्व्हर वापरणाऱ्यांनी इथे सांभाळावं: एक्सटेन्शन (नावाचा ‘.जेपीजी’सारखा शेवट) पकडणारा रेजेक्स, म्हणजे नमुन्यावरचा नियम साध्या फोल्डर-नियमावर मात करतो, म्हणून नुसतं ‘लोकेशन /भाव/’ लिहून उपयोग होत नाही. ‘लोकेशन ^~ /भाव/’ लिहिलं तरच रेजेक्सचा नंबर लागत नाही. आत एक्स्पायर्स -१ टाकलं की नो-कॅशे आपोआप जातं. आणि खरं सांगायचं तर भाव चित्रात टाकूच नका. पानातच साध्या तक्त्यात लिहा. डाउनलोड कमी होतो आणि आकडा कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतो.

ज्यांच्या फोनमध्ये जुनं चित्र आधीच वर्षभरासाठी बसलंय, त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती पोचणार नाही. तो फोन त्या पत्त्यासाठी सर्व्हरकडे येतच नाही. सीडीएन (फायलींच्या प्रती ठेवणारे मधले सर्व्हर) रिकामा केला तरी फोनमधली प्रत तशीच राहते. शेतकऱ्याला ब्राउझरचा कॅशे साफ करायला सांगणं हा काही उपाय नाही. पानात चित्राचं नाव बदला, ‘भावफलक.जेपीजी’ करा, म्हणजे नवा पत्ता, नवी मागणी. फोल्डर हलवलंत तर पत्ता तसाही बदलतोच.

जेएसला नियम का लागला नाही? एक्स्पायर्सबायटाइप फाइलीचं नाव बघत नाही, सर्व्हर पाठवतो तो कंटेंट-टाइप (प्रकाराचं नाव) बघतो. तुमच्या ओळीत ‘अ‍ॅप्लिकेशन/जावास्क्रिप्ट’ आहे. मे २०२२ च्या आरएफसी ९२३९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजापासून प्रमाण प्रकार ‘टेक्स्ट/जावास्क्रिप्ट’ आहे आणि बरेच सर्व्हर आता तोच पाठवतात. दोन्ही ओळी लिहून ठेवा. सीएसएसला नियम लागतोय, त्यामुळे मॉड-एक्स्पायर्स (मुदत देणारं अपाचेचं मॉड्यूल) चालू आहे हे नक्की. ज्यांच्याकडे कशालाच लागत नाही, त्यांनी इफमॉड्यूलचा (‘मॉड्यूल चालू असेल तरच’ या अटीचा) वेढा तात्पुरता काढून बघावा. मॉड्यूल बंद असेल तर त्या वेढ्यामुळे अपाचे काहीही न बोलता सगळं वगळतं; वेढा काढला की लगेच ५०० एरर येते आणि दोष सापडतो. एररही नाही आणि नियमही नाही, असं झालं तर होस्टिंगवर अलाउओव्हरराइड (एचटीअ‍ॅक्सेस पाळण्याची परवानगी) बंद असण्याचा संभव जास्त.

तुमच्या सरसकट नो-कॅशेने भाव ताजा झाला, हे मान्य. नो-कॅशे म्हणजे ‘ठेवू नका’ असं नाही, त्यासाठी नो-स्टोअर आहे. नो-कॅशे म्हणतं: ठेवा, पण वापरण्याआधी दर वेळी विचारा. मग ब्राउझर ईटॅग (प्रतीची ओळखखूण) घेऊन विचारतो आणि सर्व्हर ३०४ (‘बदललं नाही’) देतो, मजकूर परत येत नाही. डेटा वाचला, पण फेरी (विचारून उत्तर येईपर्यंतची ये-जा) वाचली नाही. समजा पानाला ३० फायली आहेत. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका साइटशी एका वेळी साधारण ६ जोडण्या ठेवतो, म्हणजे ५ फेऱ्या. सातपुड्याच्या पायथ्याशी सिग्नलची एकच काडी असताना एका फेरीला ३०० मिलिसेकंद धरले, तर नुसतं ‘काही बदललं नाही’ ऐकायला दीड सेकंद गेला. एचटीटीपी २ वर विचारणा एकदम जातात, तरी एक पूर्ण फेरी थांबावं लागतंच. हे नुकसान तुमच्याच शेतकऱ्याचं.

म्हणून लोगो, फॉन्ट, सीएसएस, जेएस यांना वर्ष आणि सोबत इम्युटेबल (‘हे बदलणार नाही’) द्या, पण नावात आवृत्ती घालून: ‘स्टाइल.८१४३०७.सीएसएस’. मजकूर बदलला की आकडा बदलायचा. एचटीएमएल पानाला मात्र नो-कॅशेच, कारण नवीन नावं सांगतं ते पानच. पानाला काहीच हेडर दिलं नाही तर ब्राउझर स्वतः अंदाज बांधतो, बहुधा शेवटच्या बदलाला झालेल्या काळाच्या १० टक्के. शंभर दिवस न बदललेलं पान असं १० दिवस शिळं राहू शकतं. आणि नवीन आवृत्ती चढवली की जुनी सीएसएस लगेच पुसू नका. ज्याच्याकडे पानाची जुनी प्रत उघडेल त्याला ४०४ (‘फाइल सापडली नाही’) येऊ शकेल आणि मांडणी कोसळेल. जुन्या फायली काही दिवस राहू द्या.

बदल केल्यावर कर्ल या कमांडने तीन पत्त्यांचे फक्त हेडर मागवून बघा: पान, भाव, स्टाइल. पहिल्या दोघांवर नो-कॅशे आणि तिसऱ्यावर ३१५३६००० दिसायला हवं. ब्राउझरात तपासणार असाल तर नेटवर्क टॅबमधली ‘डिसेबल कॅशे’ची खूण आधी काढा, नाहीतर सगळंच नव्याने उतरलेलं दिसेल. काही वेगळं दिसलं तर तिन्हींचे हेडर इथे खाली टाका, बघून सांगतो.