आईचे गुडघे ‘निमित्त’ नव्हते

‘एक भाडेकरू’ या नावाने मागच्या लेखावर आलेली प्रतिक्रिया मी दोन दिवस तशीच ठेवली होती. रागाच्या भरात काही लिहू नये म्हणून. राग काही कमी झालेला नाही, तेव्हा आता लिहितेच.

ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी : आमच्या घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या वडिलांनी १९८२ साली दीडशे रुपयांनी भाड्याने दिल्या. २००९ साली आम्ही ताब्यासाठी दावा लावला. ताबा मिळाला २०२४ साली. यावर तुम्ही लिहिता, ‘घरमालकांचं हे नेहमीचं रडगाणं. भिंतींना वर्षानुवर्षं ओल होती तेव्हा मालकीणबाई कुठे होत्या? आता लिव्ह अँड लायसन्समध्ये भाडेकरूला बाजू मांडायची परवानगी मागायला साठ नाही, तीसच दिवस मिळतात, ते चुकीचं का लिहिलंत? आणि आईचे गुडघे हे निमित्त. जागा बिल्डरला द्यायची होती, सरळ सांगा की.’

तीस दिवसांचं तुमचं बरोबर आहे. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. मी साठ लिहिलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल आभार. पण झटपट ताबा मागण्याची ती वाट मुदत संपलेल्या लिव्ह अँड लायसन्ससाठी, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याच्या करारासाठी आहे. १९८२ च्या भाडेकरूला ती लागू होत नाही आणि माझा लेख त्याच्याबद्दल होता. ओलीबद्दल एवढंच सांगते की २००० साली लागू झालेल्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढ करता येते. दीडशे रुपयांवर ती सहा रुपये होते. सहा रुपयांत भिंतींची ओल निघत नाही. यावर मला वाद घालायचा नाही.

‘रडगाणं’ हा शब्दही एक वेळ सोडून देते, जरी तो एखाद्या बाईच्या पंधरा वर्षांबद्दल वापरताना माणसाने क्षणभर थांबायला हवं होतं. पण ‘निमित्त’ हा शब्द सोडणार नाही.

तुम्हाला आमचं घर माहीत नाही. जिना एकोणीस पायऱ्यांचा, अरुंद, मध्ये एक वळण. तळमजला भाड्याने दिलेला, म्हणून आई वरच राहायची. २००७ मध्ये डॉक्टरांनी तिला जिना बंद करायला सांगितलं. तेव्हापासून ती दवाखान्यात जायलाच काय ती खाली यायची, आणि तीसुद्धा एकेका पायरीवर बसत, घसरत. मी एक पायरी खाली उभी राहून तिचे पाय धरायची. हे मी ‘निमित्त’ म्हणून रचलं, असं तुम्ही एका ओळीत लिहून टाकलंत.

दावा त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ खाली होता, स्वतःच्या खऱ्याखुऱ्या गरजेसाठी. त्यात कोर्टाला हेही तोलावं लागतं की ताबा दिला तर जास्त अडचण कोणाची, न दिला तर कोणाची. म्हणून आईला साक्ष द्यावी लागली. उलटतपास तीन तारखांना चालला. समोरच्या वकिलांनी विचारलं, ‘लिफ्ट का बसवत नाही?’ आई म्हणाली, ‘भाडं दीडशे रुपये आहे.’ पुढच्या तारखेला पुन्हा त्याच पायऱ्या, पुन्हा बसत, घसरत, पुन्हा रिक्षा. कधी साहेब रजेवर, कधी समोरचे वकील दुसऱ्या कोर्टात, कधी साहेबांची बदली. मधेच मूळ भाडेकरू वारले, मग त्यांचे वारस रेकॉर्डवर आणण्यात एक वर्ष गेलं. मुलाचा स्वतःचा फ्लॅट होता, तरी तो वारस म्हणून भांडायला उभा राहिला. तेव्हा कुणाचं छप्पर जात होतं, ते मला सांगा.

आई जानेवारी २०१६ मध्ये गेली. महिन्याच्या आत समोरून अर्ज आला : जिच्यासाठी जागा हवी होती ती व्यक्ती आता हयात नाही, सबब गरज संपली, दावा फेटाळावा. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालीच गया प्रसाद विरुद्ध प्रदीप श्रीवास्तव या खटल्यात सांगितलं होतं की गरज पाहायची ती दावा लावला त्या दिवसाची. नाहीतर जो जास्त वेळ काढेल तोच जिंकेल. त्या निकालाचा आम्हाला आधार मिळाला. २०१७ मध्ये ताब्याचा हुकूमनामा आमच्या बाजूने झाला. मग अपील, स्थगिती आणि आणखी सात वर्षं.

आता बिल्डर. २०१९ मध्ये एक जण आला होता, दोन बैठका झाल्या, हे मी लपवत नाही. तेव्हा आईला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि अपील कधी संपेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. बोलणी पुढे गेली नाहीत. पण समजा गेली असती, तरी २००९ मधले आईचे गुडघे त्यामुळे खोटे कसे ठरतात?

आणि ‘आयुष्यभर मालकीण राहिलेल्यांना भाडेकरूचं दुःख काय कळणार’ हे जे शेवटी जोडलंय तुम्ही, त्याबद्दल. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आम्ही नदीकाठच्या एका वाड्यात एका खोलीत भाड्याने राहत होतो. मी पाच वर्षांची होते. संध्याकाळी परत गेलो तेव्हा वाडा नव्हता, चिखल होता. वडील कारकून होते. नऊ वर्षं पोटाला चिमटा काढून, वर कर्ज काढून त्यांनी हे घर बांधलं. ‘आपलं बिऱ्हाड पुन्हा कुणाच्या मर्जीवर नको’ असं ते म्हणायचे. भाडेकरूचं दुःख मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

भाडेकरूंचं पाणी तोडणारे, सामान रस्त्यावर फेकणारे मालक असतात. कलम २९ त्यासाठीच आहे आणि अशांना शिक्षा व्हायलाच हवी. आम्ही पंधरा वर्षांत एकदाही नळाला हात लावला नाही. त्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला दाव्याच्या आधी आई जायची. दावा लागल्यावर त्यांनी बोलावणं बंद केलं.

त्या खोल्यांचं पुढे काय झालं, असं तुम्ही उपरोधाने विचारलंय. पुढच्या खोलीत माझी कॉट आहे. मागच्या खोलीत स्वयंपाकघर. माझं वय एकोणसत्तर आहे आणि गेल्या दिवाळीपासून मी वरच्या मजल्यावर गेलेले नाही.

पुढचा लेख करार नोंदवण्याच्या कलम ५५ वर आहे. त्यात चूक सापडली तर जरूर दाखवा. फक्त माझ्या आईबद्दल लिहायचं असेल तर खरं नाव खाली घालून लिहा.