धारातीर्थी पडण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला वीरमरण शिकवण्याची वास्तविक गरज नसावी. आपण राहतो त्या भागाचे नावच लष्कर. १८५८ साली याच भूमीवर पडलेल्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी फूलबागेजवळ जाता-येता दिसते. आणि शिंद्यांच्या घराण्यातील कोण कोठल्या लढाईत पडले, हे आपल्या आजोबांना तोंडपाठ असे. तरीही गणेशोत्सवातील ऐतिहासिक प्रवेशात मरणासाठी निवडलेली मुले इतक्या घाईने मरतात, की पहिल्या रांगेतल्या काकूंना पदर डोळ्यांपर्यंत न्यायलाही सवड मिळत नाही. ही उणीव दूर करायची असेल, तर वाचकहो, इतिहासाचा नाद सोडा आणि जुने युद्धपट पाहा.

सर्वप्रथम जखमेची निवड. गोळी छातीत डाव्या बाजूला, खिशाच्या जरा खाली लागू द्यावी. तेथे रुपयाएवढा लाल डाग उमटतो, ओठांच्या कोपऱ्यातून रक्ताची एक बारीक रेघ येते आणि फुप्फुसे मात्र दोन पानी संवादासाठी शाबूत राहतात. पहिल्या महायुद्धात सर्वाधिक बळी तोफखान्याने घेतले, हे खरे असले तरी त्या भानगडीत पडू नये, कारण तोफगोळा अंगावर आल्यानंतर बोलायला तोंड उरेलच याची खात्री देता येत नाही. गोळी लागताच मित्राच्या मांडीवर डोके ठेवावे. तुमचे बोलणे संपेपर्यंत शत्रू गोळीबार थांबवतो. जुन्या युद्धपटांतील शत्रू कितीही क्रूर असला, तरी या बाबतीत त्याच्या शिष्टाचाराला तोड नाही.

प्रकृती उत्तम असल्याचे मात्र चुकूनही बोलू नका. ‘सँड्स ऑफ इवो जिमा’ (१९४९) या चित्रपटात जॉन वेनचा सार्जंट लढाई आटोपल्यावर, इतके बरे कधीच वाटले नव्हते अशा अर्थाचे काही बोलतो, सिगारेट काढतो आणि त्याच क्षणी लपलेल्या जपानी सैनिकाची गोळी त्याला लागते. त्याच्या खिशात मुलाला लिहिलेले अर्धवट पत्र सापडते. पत्र अर्धवटच असावे. पुरे झालेले पत्र टपालात टाकता येते, आणि टपालाने गेलेल्या पत्रावर कोणी रडत नाही. या भूमिकेसाठी वेनला ऑस्करचे नामांकन मिळाले. तो स्वतः दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला नव्हता, ही गोष्ट होतकरू हुतात्म्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावी.

पडण्याची जागाही आधी हेरून ठेवावी. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मधील (१९५७) कर्नल निकल्सन मरता मरता नेमका सुरुंगाच्या दांड्यावर कोसळतो आणि त्याने स्वतःच हट्टाने उभारलेला पूल उडतो, तो हातभर बाजूला पडला असता, तर सगळ्या चित्रपटाचे मुसळ केरात गेले असते. एवढे कौशल्य अंगी नसेल, तर बदली माणूस द्यावा. ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’च्या (१९३०) शेवटी फुलपाखराकडे जाणारा आणि मग निर्जीव होणारा तो प्रसिद्ध हात नायकाचा नाहीच, दिग्दर्शक लुईस माइलस्टोन यांचा आहे. म्हणजे उत्तम मरणासाठी स्वतः हजर राहावेच लागते, असेही नाही.

गाण्याची चिंता नसावी. १९६२ च्या युद्धावरील चेतन आनंद यांच्या ‘हकीकत’मध्ये (१९६४) पडलेल्या जवानांसाठी मदनमोहन यांच्या चालीवर मोहम्मद रफी गातात, जवानांनी केवळ हलायचे नसते. (ते गाणे सुरू झाले की माझीही थट्टा बंद पडते, म्हणून पुढे जातो.) उलट जिवंत असणे ही फारशी मोठी अडचण नाही. १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईत लढलेले सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंह राठोड ‘बॉर्डर’मध्ये (१९९७) पडद्यावर हुतात्मा झाले आणि त्यानंतर पंचवीस वर्षे जगून डिसेंबर २०२२ मध्ये वारले. चित्रपटाला शोभेल असे मरण तुम्ही वेळेवर आणून दिले नाही, तर ते तुमच्या वतीने परस्पर उरकले जाते.

एवढ्या अधिकारवाणीने बोलण्याचे कारण, एका गणेशोत्सवात मी स्वतः दत्ताजी शिंदे झालो होतो. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर जखमी होऊन पडलेल्या दत्ताजींच्या तोंडी, ‘क्यों पटेल, और लढोगे?’ असे हिणवून विचारणाऱ्या शत्रूकडील कुतुबशहाला उत्तर म्हणून, परंपरेने पाचच शब्द दिले आहेत, ‘बचेंगे तो और भी लढेंगे’, आणि त्यानंतर त्यांचे शिर कापले गेले. आमच्या दिग्दर्शकांचे सगळे संस्कार युद्धपटांवर झालेले असल्याने त्यांना हे फारच त्रोटक वाटले. त्यांनी त्या पाच शब्दांच्या आधी आईची आठवण, मध्ये यमुनेला नमस्कार आणि नंतर भावी पिढ्यांना संदेश घातला. तालमीत हे सारे चार मिनिटांत बसत असे. प्रत्यक्ष प्रयोगात काकूंचा पदर खरोखरच डोळ्यांना लागलेला पाहून मला चेव आला आणि मी यमुनेपाठोपाठ चंबळेलाही नमस्कार करू लागलो. तेव्हा पत्र्याची तलवार उगारून केव्हाचा ताटकळत उभा असलेला कुतुबशहा, म्हणजे शेजारच्या वाड्यातला माझा मित्र, खाली वाकला आणि ध्वनिक्षेपकात स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘‘पटेल, आता मरा हो, माझा हात भरून आला.’’