डिस्क दिसत नाही म्हणून एसएसडी बदलायला सांगणं बंद करा!

नवा लॅपटॉप, विंडोज सेटअपमध्ये डिस्कची यादी रिकामी, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर दुकानाच्या काउंटरवर निदान तयार: "एसएसडी गेली, बदला." अरे, कशावरून गेली? इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायोसात व्हीएमडी, म्हणजे डिस्क सांभाळणारा इंटेलचा कंट्रोलर, चालू असतं. एनव्हीएमई डिस्क (आजकालची वेगवान एसएसडी) त्या कंट्रोलरच्या मागे जाते आणि यूएसबीवरच्या विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर नसेल, तर ती दिसणारच नाही. धडधाकट एसएसडीचे पैसे गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा का भरायचे?

दुसरे सल्लागार म्हणतात, व्हीएमडी बंद करा. कोऱ्या मशीनवर करा खुशाल. पण विंडोज आधीच व्हीएमडीवर बसलेलं असेल तर पुढच्या बूटला निळा स्क्रीन, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस', कोड ०x७बी. शिवाय बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती हाताशी नाही, आणि हे साहेब "फॉरमॅट करू का?" विचारून मोकळे. आधी सेफ मोडचा बूट लावून मग बायोस बदलला असता, तर बहुतेक वेळा तेवढ्यावर भागलं असतं. पण तेवढे कष्ट कोण घेणार!

सगळ्यात जास्त संताप येतो तो बीकेसी-अंधेरीतल्या ऑफिसांमधला प्रकार पाहून. जुन्या मशीनवरून काढलेली तयार इमेज, म्हणजे बसवलेल्या विंडोजची अख्खी प्रत, नव्या लॅपटॉपवर टाकायची असते. विनपीईमध्ये (यूएसबीवरून चालणारं छोटं विंडोज) 'डीआरव्हीलोड' ही कमांड मारली, डिस्क दिसली, इमेज ओतली, रीस्टार्ट, पुन्हा ०x७बी. डीआरव्हीलोड ड्रायव्हर फक्त चालू विनपीईच्या मेमरीत चढवतो. इमेजमध्ये तो गेलाच नाही! मग पन्नास मशिनी परत ओतायला बसतात. कशाला? विनपीईतूनच, डिस्क दिसत असताना, डिस्म हे विंडोजच्या इमेज दुरुस्त करायचं टूल चालवा: /इमेज ला विंडोजचं ड्राइव्ह अक्षर, मग /ॲड-ड्रायव्हर, आणि /ड्रायव्हर ला आयएनएफचा, म्हणजे ड्रायव्हरच्या माहिती-फाइलचा, रस्ता. अक्षर आधी तपासा, विनपीईत सी: म्हणजे तुमचं विंडोज असेलच असं नाही. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर आधी अनलॉक करा. नंतर /गेट-ड्रायव्हर्स चालवून 'ओईएम' आणि पुढे आकडा अशा नावाचा आयएनएफ यादीत आला का बघा. नुसतं "यशस्वी" वाचून बाहेर पडू नका.

आणि ड्रायव्हर देणाऱ्या कंपन्या! आयएनएफ पाहिजे, तर हातात ईएक्सई ठेवतात. ती चालवायला चालू विंडोज लागतं, आणि तेच तर चालत नाही! दुसऱ्या मशीनवर इंटेलच्या 'सेटअपआरएसटी.ईएक्सई' ला '-एक्सट्रॅक्टड्रायव्हर्स' आणि फोल्डर द्या, 'आयएएसटीओआरव्हीडी.आयएनएफ' बाहेर येते. ती नोटपॅडमध्ये उघडून आपल्या कंट्रोलरचा डिव्हाइस आयडी शोधा. ११व्या पिढीत ९ए०बी, १२व्यात ४६७एफ. नव्या आवृत्तीत जुन्या पिढीचा आयडी गाळलेला असू शकतो. आयडी नसेल तर तो ड्रायव्हर शंभर वेळा घातला तरी कंट्रोलरला लागणार नाही.

यूएसबीच दुरुस्त करायची असेल तर तिच्यावरच्या 'बूट.विम' या इमेज फाइलचा इंडेक्स (आतला कप्पा) २ म्हणजे सेटअप, इंडेक्स १ म्हणजे विनपीई, दोन्हींत ड्रायव्हर घाला. प्रत्यक्ष बसणारं विंडोज असलेल्या 'इन्स्टॉल.विम' मध्ये होम, प्रो वेगवेगळ्या इंडेक्सवर असतात. एकात घालून दुसरा बसवायचा आणि मग शिव्या द्यायच्या, हे बंद करा. आयएसओमधून कॉपी केलेल्या फाइलवरचं रीड-ओन्ली काढल्याशिवाय ती लिहिण्यासाठी माउंट होत नाही, म्हणजे बदल करायला फोल्डरसारखी उघडत नाही. फाइल ईएसडी (विमचाच जास्त दाबलेला प्रकार) असेल तर आधी विममध्ये एक्सपोर्ट करा. काम झालं की अनमाउंट करताना बदल जतन करायला /कमिट, आणि माउंट फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडा ठेवू नका, नाहीतर अनमाउंट अर्धवट अडकतं. फाइल ४ जीबीच्या वर गेली की एफएटी३२ यूएसबीवर मावत नाही. /स्प्लिट-इमेज ने ३८०० एमबीचे तुकडे पाडा.

इन्स्टॉल.विम माउंट असतानाच तिच्या आतली 'विनआरई.विम', म्हणजे विंडोजच्या दुरुस्ती-मोडची इमेज, ही वेगळी माउंट करून तिच्यातही तोच ड्रायव्हर घाला. ती बहुतेक सगळेच विसरतात, आणि मग ऐन वेळी स्टार्टअप रिपेअरला डिस्कच सापडत नाही.